गवंड्याचे वय वाढते, काम मात्र तेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बांधकामावरचे वयस्कर मिस्त्री तरुणांपेक्षा समाधानी असतात, असे ठेकेदार नेहमी सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ब्रिटनमध्ये क्लार्क, ऑस्वाल्ड आणि वॉर यांनी १९९६ साली पाच हजारांवर नोकरदारांची माहिती तपासली, तेव्हा कामाचे समाधान तरुणपणी बरे, तिशीत सर्वांत कमी आणि पुढे वाढत जाणारे आढळले. पण त्यात सगळ्याच प्रकारच्या नोकऱ्या होत्या. सांगली-मिरज-कुपवाडच्या साइटला हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. इथे पंचेचाळिशीत ज्याची कंबर गेली तो जत-आटपाडीकडे परत गेलेला असतो, नाहीतर कुठेतरी रखवालीला असतो. त्याला कोणी विचारत नाही. टिकले तेच मोजले, तर समाधान जास्तच दिसणार.

टिकलेल्यांमध्येही खरा फरक पडतो तो वयाबरोबर काम बदलले की नाही, यामुळे. बिगारीचा गवंडी, गवंड्याचा मिस्त्री, मिस्त्रीचा अंगावर काम घेणारा ठेकेदार असा ज्याचा प्रवास झाला, त्याला पन्नाशीत काम आवडते. ओळंबा त्याच्या हातात असतो आणि त्याचा शब्द साइटवर चालतो. विशीत घमेले धरले आणि पंचावन्नलाही घमेलेच, त्याला काय आवडणार? बायकांची अवस्था तर बहुतेक अशीच. वर्षानुवर्षे माल कालवून गिलाव्याचे प्रमाण तोंडपाठ झालेल्या बाईच्या हातात थापी दिलेली क्वचितच दिसते. जिल्ह्यातल्या ठेकेदारांनी सर्वांत आधी याची लाज बाळगली पाहिजे.

नियमांतही ही उणीव होती. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत पुरुषाने ५५ किलो आणि स्त्रीने ३० किलोपर्यंत वजन उचलावे, अशी मर्यादा होती. ५० किलोचे सिमेंटचे पोते त्यात बसते, मग उचलणारा २० वर्षांचा असो की ५८ चा. त्याच नियमांत क्रेन-विंच चालवणाऱ्याची तपासणी चाळिशीपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी करायला सांगितली होती. वयाचा विचार यंत्र चालवणाऱ्यापुरताच झाला, पोते वाहणाऱ्याचा नाही.

भरीस भर म्हणून हल्ली विटेऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे मोठे ठोकळे, आले. वीट तीनेक किलोची, एका हाताने उचलून बसवता येते. सहा इंची ब्लॉक कोरडा असतानाच दहा-अकरा किलोचा, पाणी मारल्यावर आणखी जड. तो दोन्ही हातांनी, अंग वळवून ठेवावा लागतो. पन्नाशीच्या गवंड्याने गुडघ्याखालचे आणि खांद्यावरचे थर रचू नयेत. कमरेपासून छातीपर्यंतचे त्याच्याकडे द्यावेत. ब्लॉक आणि मालाचे घमेले दोन फुटी घोडीवर (स्टँडवर) ठेवले, तर दिवसभराचे वाकणे बरेच वाचते. छताच्या गिलाव्यात मान सतत मागे असते, ते काम तरुणाचे. कडा, कोपरे, उतार, लेव्हल तपासणे ज्येष्ठाचे. यात एकच पथ्य पाळायचे: हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, कमी करायची नाही. हलके काम दिले म्हणून हजेरी कापली की माणूस दुसऱ्या दिवशी हट्टाने पोते उचलतो आणि पाठ धरते.

डोळ्यांचे कोणी बोलत नाही. चाळिशी लागली की पाणसळीचा (सपाटी तपासायच्या पट्टीचा) बुडबुडा आणि फरशीचा दोन मिलिमीटरचा सांधा पुसट होतो. फरशी वरखाली बसते, मालक ओरडतो, आणि ज्या हातांचे गावभर कौतुक होते त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका येतो. जवळचा साधा चष्मा स्वस्तात मिळतो. मात्र खाली जवळचा नंबर असलेला दुहेरी चष्मा घालून परांचीवर किंवा शिडीवर चढू नये; खाली पाहताना पायरी धूसर दिसते आणि पाय चुकतो. चढताना लांबचा, खाली बसून काम करताना जवळचा, असे दोन वेगळे चष्मे ठेवावेत.

आता नोंदणीविषयी. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयाची, आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. पन्नाशीनंतर बोलावणी कमी होतात, दिवस विखुरतात. चार दिवस एका ठेकेदाराकडे, आठ दुसऱ्याकडे. मग दाखला कोणीच देत नाही आणि नूतनीकरण चुकते. राज्याने साठीनंतरचे निवृत्तिवेतन नोंदणीच्या वर्षांशी जोडले आहे: १० वर्षांना वर्षाला ६ हजार, १५ ला ९ हजार, २० ला १२ हजार रुपये. रक्कम फारच तुटपुंजी आहे, तरी तीही अशा खंडामुळे हातची जाऊ शकते. म्हणून ठेकेदार आणि अभियंत्यांनी चार दिवसांचीही हजेरी लिहून सहीनिशी कामगाराच्या हातात द्यावी. ज्यांची अजून नोंदणी नाही, त्यांनी ती पन्नाशीच्या आत करून घ्यावी. त्यानंतर साठीपर्यंत दहा वर्षे भरत नाहीत.

— एक स्थापत्य अभियंता, विश्रामबाग, सांगली