पाककृतीखाली गावाचे आणि करणारीचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत आपल्या दिवाळीबरोबर इटालियन स्वयंपाकालाही अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून इटलीच्या जेवणावर पुष्कळ लिहून येत आहे. मी ते आवडीने वाचते. मात्र त्यातील बहुतेक लेखनात इटली म्हणजे पिझ्झा, पास्ता आणि चीज एवढेच असते, आणि त्याच पुरवणीच्या पुढच्या पानावर कोकण म्हणजे सोलकढी, कोंबडी-वडे आणि तळलेली सुरमई एवढेच असते. दोन्हीकडची उणीव एकाच जातीची आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इटली १८६१मध्ये एक राष्ट्र झाली, पण तिची स्वयंपाकघरे आजही एक झालेली नाहीत. बोलोन्याच्या बाजूला पास्त्याचे पीठ अंड्यात भिजवतात, तर दक्षिणेकडच्या पुल्या प्रांतात तेच काम नुसत्या पाण्यावर भागते; उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यात भात पिकतो, म्हणून तिथे रिसोट्टो हा मऊ भाताचा प्रकार; तोस्कानाच्या पारंपरिक पावात मीठ नसते; आणि जेनोव्हाच्या किनाऱ्यावर हरभऱ्याच्या पिठाची पातळ पोळी भट्टीत भाजून विकतात, ती पाहून आपल्याकडच्या कोणालाही ओळखीचे वाटावे. हा वेगळेपणा जगापुढे नीट मांडला गेला, त्यात तिथल्या लोकांचा वाटा मोठा आहेच. परंतु बाहेरून येऊन तिथे संसार थाटलेल्या काही व्यक्तींचाही आहे, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे क्वचितच लिहिले जाते.

मेरी टेलर सिमेती या त्यांपैकी एक. न्यूयॉर्कच्या या तरुणी १९६२मध्ये सिसिली बेटावर गेल्या त्या स्वयंपाक शिकायला नव्हे, तर दानिलो दोल्ची यांच्या समाजकार्याच्या केंद्रात स्वयंसेविका म्हणून काम करायला. दोल्ची यांना ‘सिसिलीचे गांधी’ म्हणत. १९५६मध्ये त्यांनी पार्तिनिको या गावात बेकार मजुरांना घेऊन एक मोडका रस्ता कोणी न सांगता दुरुस्त करायला घेतला आणि त्याबद्दल तुरुंगवास पत्करला, हा प्रसंग श्रमदानाची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तिथे सिमेतीबाईंचे एका सिसिलियन कृषी-अर्थतज्ज्ञाशी लग्न झाले आणि त्या कायमच्या तिथल्याच झाल्या. शेत सांभाळले, मुले वाढवली, आणि १९८९मध्ये सिसिलीच्या अडीच हजार वर्षांच्या खाद्यपरंपरेवर ग्रंथ लिहिला.

सिसिलीचे जेवण कोकणच्या वाचकाने समजून घ्यावे असे आहे, कारण तेही समुद्राचे, सणावारांचे आणि बाहेरून आलेल्यांना सामावून घेणारे जेवण आहे. त्रापानी बंदरात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेला कुसकुस करतात. रव्यावर पाण्याचा हबका मारत हाताने फिरवून त्याचे दाणे पाडतात, सच्छिद्र मडक्यात वाफवतात, दोन भांड्यांच्या मधली फट कणकेने लिंपतात, आणि वर माशांचा रस्सा घालतात. रस-शिरवाळ्यांसाठी घरातल्या दोघी-तिघी साच्याभोवती जमतात तो खटाटोप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कामाची चिकाटी वेगळी सांगायला नको. १३ डिसेंबरला, संत लुचियाच्या दिवशी, सिसिलीतल्या पालेर्मो शहरात पाव आणि पास्ता वर्ज्य असतो आणि उकडलेले अख्खे गहू खातात, कारण दुष्काळात धान्याचे जहाज बंदराला लागले तेव्हा दळायलाही कोणी थांबले नाही अशी तिथली श्रद्धा आहे. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत, त्याच घराण्यातली ही चाल म्हणावी लागेल. आणि माशांच्या बाबतीतला काटेकोरपणा तर तिथे फारच जुना! इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात जेला या गावचा कवी आर्केस्त्रातोस तक्रार करून गेला आहे की, सिसिलीतल्याच सिराक्यूज शहराचे आचारी चांगल्या माशावर चीज घालून त्याची नासाडी करतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवेच, पण पापलेटच्या कालवणात ते कशाला, यावरून आमच्या घरात होणारे वाद मला त्यामुळे अधिक प्रतिष्ठित वाटू लागले आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. परक्या देशातून आलेल्या बाईला जे दिसले ते तिथल्या बायकांना दिसत नव्हते असे नाही. परंतु ज्याला जन्मापासून सवय असते तो विचारत नाही, आणि जो विचारत नाही तो लिहूनही ठेवत नाही. कोकणात असे विचारणारे कोणी नाही, हे मात्र मला मान्य नाही. मी स्वतः सांगली जिल्ह्यातून लग्न होऊन मालवण तालुक्यात आले. भाकरी, झुणका आणि मटणाचा रस्सा यांवर वाढलेल्या मुलीला सुकटीचा वाससुद्धा नवा असतो. तिरफळाची बी टाकून टरफलच का घ्यायचे, उकड्या तांदळाची पेज सकाळीच का, सोलकढीला ओले आमसूल की आगळ (कोकमाचा खारवलेला रस), हे सगळे मला सासूबाईंना आणि शेजारच्या काकूंना विचारावेच लागले. घाटावरून कोकणात आलेली प्रत्येक सून हे प्रश्न विचारते आणि तिला उत्तरेही मिळतात. ती कागदावर उतरत नाहीत एवढेच. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवरून सांगितलेली कृती हाच काय तो आपला दस्तऐवज, आणि तोही फोन ठेवला की संपला.

याचा परिणाम पर्यटनात दिसतो. आमच्या भागात ‘निवास व न्याहारी’ची घरे झपाट्याने वाढली आणि त्यामुळे बायकांच्या हातात पैसा आला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बहुतेक घरांत पाहुण्यांपुढे येणारी थाळी बारा महिने तीच असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तरीही पाहुण्याला सुरमईच हवी म्हणून बर्फातली सुरमई बाहेरून येते, आणि त्याच दिवसांत घरातली माणसे मागच्या ओसरीवर सुक्या बांगड्याची किसमूर, टाकळ्याची भाजी आणि कुळथाची पिठी जेवत असतात. तारली तर पाहुण्याला वाढायची लाज वाटते. ती गरिबाची मासळी! पालेर्मोत नेमक्या तारलीच्याच जातकुळीतल्या स्वस्त माशावर शहराचा अभिमान उभा आहे. रानबडीशेप, बेदाणे, चिलगोज्यासारख्या बिया आणि हा मासा घालून केलेला पास्ता तिथे रानबडीशेप कोवळी असते तेव्हा मानाने वाढतात, आणि वर चीज परवडत नसे म्हणून भाजलेला पावाचा चुरा घालण्याची जी रीत पडली, ती आज चीज परवडत असूनही कोणी सोडलेली नाही. पाहुण्याला अमुकच आवडते असे ठरवून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याला विचारले कोणी?

शिवाय ‘कोकणी जेवण’ हे एकच नाव सगळ्यांवर अन्याय करते. रायगडातली हिवाळ्यातली पोपटी, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यावर वालाच्या शेंगा रचून केलेली, सिंधुदुर्गात कोणाला ठाऊक नसते. पावसाच्या तोंडावर येणारी शेवळे ही रानभाजी आणि त्यांची खाज मारायला लागणारी काकडाची फळे हे उत्तर कोकणाचे ज्ञान आहे. रत्नागिरीत सांदण, म्हणजे तांदळाच्या रव्याचा वाफवलेला पदार्थ, म्हटले की फणसाच्या रसाचे. कोकणी मुस्लिम घरांत सांदण म्हटले की नारळाच्या दुधातले. अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्रायली घरांतला पोह्यांचा मलिदा तर त्या समाजातली बहुतेक घरे इस्रायलला गेल्यामुळे गावातून जवळजवळ उठलाच आहे. हापूसला आणि कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते मिळायलाच हवे होते. पण कोकमाचे काय काय करायचे हे ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रात येत नाही.

सिमेतीबाईंच्या कामातला एक भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्रापानीजवळच्या एरिचे या डोंगरमाथ्यावरच्या गावात ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता. तिथल्या जोगिणी बदामाची मिठाई करून विकत आणि कृती गुप्त ठेवत. मारिया ग्रामातिको ही बापावेगळी मुलगी लहानपणी त्या मठात राहून पडेल ते काम करत असे. तिने ती विद्या बघूनबघून उचलली आणि बाहेर पडल्यावर गावात स्वतःचे दुकान काढले. सिमेतीबाईंनी तिची हकिकत आणि तिच्या कृती १९९४मध्ये पुस्तकरूपाने आणल्या, त्या स्वतःच्या म्हणून नव्हे, तर मारियाच्या नावासह. आपल्याकडे याच्या उलट चालते. शहरातून कॅमेरा घेऊन मंडळी येतात, एखाद्या आजींना चुलीसमोर बसवतात, त्यांच्या हातचे जेवून जातात आणि पुढे ती कृती ‘पारंपरिक मालवणी’ अशा बेवारस नावाने फिरत राहते. आजींचे नाव नाही, वाडीचे नाव नाही, मोबदल्याचा तर विषयच नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या कोकण आवृत्तीत आठवड्याला एक लहानसे सदर सुरू करावे. त्यात एकच पदार्थ असावा, तो कोणत्या गावचा, कोणत्या महिन्याचा आणि कोणाच्या हातचा हे स्पष्ट छापावे, आणि सांगणाऱ्या बाईला आपण लेखकाला देता तेवढेच मानधन द्यावे. ‘मीठ चवीनुसार’ चालेल, पण आमसुले किती, नारळ कोवळा की जून, मासा कोणत्या आकाराचा, हे सांगणारीकडून खोदून काढावे लागेल. त्यासाठी शक्यतो त्या गावात नव्याने आलेल्या सुनेलाच लेखनिक नेमावे, कारण खोदायची गरज तिलाच असते. आमच्या बचत गटातील काही जणी कृती सांगायला तयार आहेत. सुरुवात मात्र भाताची लावणी उरकल्यावर आणि नारळी पौर्णिमेच्या आधी करावी. त्या दिवसांत बायकांना थोडी उसंत असते. एकदा गणपतीसाठी मुंबईकर गावी येऊ लागले की कोणी तुमच्याशी दोन शब्द बोलायलाही थांबणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग