तो गिटारमासा अजून डोळ्यांसमोरून जात नाही

नागपूर,
२४ सप्टेंबर

प्रिय गजू,

भगवती बंदरावरचे उन्हाळ्यातले फोटो मिळाले. इथे चार दिवसांपासून पाऊस लागून राहिला आहे, फुटाळ्यावर कुणी गरी टाकायला फिरकलं नाही. त्यामुळे खिडकीत बसून एकेक फोटो निवांत पाहिला. अंबाझरीला एक मरळ लागला तर आपण आठवडाभर गल्लीत सांगत फिरायचो, आठवतं? आणि तू रत्नागिरीला बदली होऊन तीन वर्षांत वाम, पाकट, केंड, मुशी, सगळं हाताळून बसलास. हेवा वाटतो राजा.

केंडाबद्दल आधी सांगतो. फुग्यासारखा फुगला की पोरं त्याच्याशी खेळतात, खेळू दे. पण घरी नेऊन शिजवण्याच्या भानगडीत कुणाला पडू देऊ नको. त्याच्या यकृतात आणि अंडाशयात जे विष असतं ते उकळूनही जात नाही. चपट्या अंगाच्या पाकटाचं तसं नाही, त्याचा विषारी काटा शेपटीवर असतो. चुकून पाय पडलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो.

पण पत्र लिहायला बसलो ते जानेवारीतल्या त्या सकाळीसाठी. तू विसरला नसशील. तासभर ओढून तू जो मासा खडकावर घेतलास, त्याला आबा म्हणाले, मुशीचीच, म्हणजे शार्कचीच जात. पुढून चपटा, मागून शार्कसारखे दोन पर पाठीवर. आपण त्याचं माप घेतलं, उलटा केला, शेपटीला धरून उभा उचलला, फोटो काढले. आणि मग त्याने एकामागून एक तीन पिल्लं टाकली. मी ओरडलो, ‘अरे, बाळंत झाली बघ!’ किती आनंद झाला होता आपल्याला. पिल्लं पाण्यात सोडली तर ती तशीच कलंडून तळाला गेली. आपल्याला वाटलं, लहान आहेत, दमली असतील.

गजू, ते बाळंतपण नव्हतं. इकडे आल्यावर मी वाचत गेलो तेव्हा कळलं. शार्क, पाकट, गिटारमासे यांच्यातल्या पिल्लं देणाऱ्या कितीतरी जाती पकडल्या जाण्याच्या ताणानेच पोटातलं अर्धवट टाकतात. आपण पाहिला तो गर्भपात होता, आणि मी आनंदाने ओरडत होतो. ही गोष्ट मला फार लागली आहे. तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

मुशी कोणती आणि गिटारमासा कोणता हे ओळखणंही सोपं आहे. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी मानेच्या बाजूला असतात, गिटारमाशाच्या पोटाकडून, तोंडाच्या मागे. म्हणजे तो पाकटाचा भाऊबंद. मी माझ्याकडचा फोटो मोठा करून पाहिला, फटी खालीच आहेत. आणि याच कुळातल्या मोठ्या जातींची अवस्था वाईट आहे: २०१९ साली जगभरातल्या १६ जाती तपासल्या, तर १५ जाती नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावर निघाल्या. आपल्याकडे २००१ पासून मोठा गिटारमासा, व्हेल शार्क आणि करवती मासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याने वाघाला जे संरक्षण, तेच यांना. पेंचच्या जंगलात आपण वाघासाठी श्वास रोखून बसायचो आणि तिथे खडकावर त्याच दर्जाचा जीव शेपटीने उचलला असेल, असं मनात येतं. आपल्याला लागलेली जात नेमकी कोणती, ते मी ठामपणे सांगू शकत नाही. पण म्हणूनच तर आधी ओळख पटायला हवी होती.

तुझ्या मे महिन्यातल्या फोटोतली लहान मुशी वेगळी. ती टोकदार नाकाची, पाऊण मीटरपुढे न वाढणारी, महाराष्ट्र-गुजरातच्या बाजारात टोपल्या भरून येते तीच. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, सगळ्या शार्कांत सर्वांत लहान. एवढ्याशा अंड्यातून आलेलं पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलेलं पाच-सहा महिने वाढतं. वाचून मी रात्री सुमनला उठवून सांगितलं. माशाला नाळ!

आणि एक. मनोरजवळ वैतरणेत २०२४ च्या फेब्रुवारीत शार्कने एका तरुणाचा पाय तोडला, तेव्हा इकडे लोक म्हणत होते की नदीत शार्क कसा येईल. बुल शार्क येतो, गोड्या पाण्यातही राहतो. तेव्हा खाडीच्या तोंडाशी संध्याकाळी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गरवत जाऊ नको, एवढं माझं ऐक.

दसऱ्यानंतर समुद्र निवला की तू पुन्हा खडकावर जाशील. मोठा काही लागला तर पाण्यातच ठेव. शेपटीने उचलू नको. यांना बरगड्या नसतात, सगळा भार आतल्या अवयवांवर येतो. गळ खोल गेला असेल तर ओढत बसू नको, दोरी तोंडाशी काप आणि जाऊ दे. जाळेवाल्यांनाही सांग, संरक्षित जीव सोडवताना जाळं फाटलं तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. आबांना बहुतेक ठाऊक असेल, पण विचार.

इथल्या गिट्टीखदानात लाव्हाच्या दोन थरांमधल्या मातीत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या माशांचे बारीक जीवाश्म मिळाले आहेत. समुद्रापासून इतका दूर राहतो मी, तरी पायाखाली मासे आहेत हे मला फार बरं वाटतं.

सोबत वीस गळ पाठवतो आहे. गोल वळणाचे आहेत, ते घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतात. काल रात्री बसून पकडीने प्रत्येकाचा काटा चेपला आहे, सहज सुटेल असा. आबांना पाच दे.

तुझा,
दिलीप