व्हरमाँटचा छपराचा पूल

प्रिय सुधाकर,

ऑक्टोबरात लेकीकडे बॉस्टनला जाणारच आहेस, तर एक दिवस काढून व्हरमाँट राज्यातलं बार्टन्सव्हिल गाठ आणि तिथला छपराचा लाकडी पूल बघ. पुलाला छप्पर कशाला, माणसं भिजू नयेत म्हणून का, असं तू विचारलंस. माणसांसाठी नाही रे, लाकडासाठी. उघड्यावरचा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत कुजतो, छपराखालचा शंभरी ओलांडतो. गंमत म्हणजे हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून पूर्वी पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरायचे!

तिथला विल्यम्स नदीवरचा जुना पूल सँफर्ड ग्रेंजर यांनी १८७० साली बांधला. लांबी १५१ फूट. कैची, म्हणजे पुलाचा भार पेलणारा दोन्ही बाजूंचा लाकडी सांगाडा, इथिएल टाउन यांच्या १८२० च्या पेटंटची. जाड फळ्या तिरप्या, एकीवर एक आडव्या टाकून जाळी करायची आणि त्या जिथे छेदतात तिथे ओकच्या खुंट्या ठोकायच्या. अवजड वासे नकोत, अवघड सांधे नकोत, त्यामुळे गावच्या सुतारांच्या आवाक्यातलं काम. ही रचना वापरायचे टाउन फुटामागे १ डॉलर घेत, न विचारता बांधलात तर २.

हे पूल मरतात ते बहुधा टोकांशी. खालची तुळई दगडावर टेकते तिथे माती साचते, ओल धरते आणि लाकूड आतून पोचं होतं. वरून काही दिसत नाही, टोच्या खुपसला की कळतं. म्हणून वर्षातून एकदा ती माती खरवडून काढणं आणि छपराची गळती बघणं, ही दोन कामं रंगरंगोटीपेक्षा मोलाची. कुजलं असेल तर नदीत पाणी कमी असताना खाली टेकू उभारायचे आणि दोन्ही बाजू जॅकने थोड्या थोड्या, सारख्याच उचलायच्या. एक बाजू आधी उचलली की खुंट्या तडकतात. मग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून नवा तुकडा लांब जोडाने बसवायचा. तुळई आणि दगड यांच्यामध्ये एक वेगळा ओंडका ठेवायचा. कुजला तर तोच कुजेल, बदलायलाही सोपा.

बार्टन्सव्हिलला मात्र कुजणं नडलं नाही. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुराने काठाचा आधार पोखरला आणि अख्खा पूल नदीत गेला. तिथे काँक्रीटचा साधा पूल टाकून मोकळं होता आलं असतं. गावाने हट्टाने पुन्हा लाकडाचाच, त्याच जाळीचा, जरा लांब पूल उभा केला. जानेवारी २०१३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. मला हा निर्णय पटतो. नकलेला जुन्याची सर नाही, हे खरं. पण ही कैची कशी जुळवतात, हे त्यामुळे आणखी काही हातांना कळलं.

आत गेलास की आधी टोकाशी वाकून बघ, मग वर छपराकडे. वेळ उरला तर उत्तरेला कनेक्टिकट नदीवरचा १८६६ चा कॉर्निश–विंडसर पूलही कर. तोंडाशी पाटी आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर २ डॉलर दंड. दुडक्या चालीच्या ठेक्याने पूल हेलकावे खातो, म्हणून.

तुझा,
विनायक