दूध बिघडते ते गोठ्यात

संपादक महोदय,

दुधातील भेसळीच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि त्या आल्याच पाहिजेत. परंतु पाण्याचा थेंब न मिसळताही दूध गोठ्यातच बिघडते, याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पंढरपुरी म्हशीचे एक सड सुजले. पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर घेतल्या, तेव्हा फुटलेल्या दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या. हा कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज; गावात त्याला ‘दगडी’ म्हणतात. डॉक्टरांनी तीन दिवस प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली आणि दूध न वापरण्याची औषधावर छापलेली मुदत संपेपर्यंत ते विकू नका, असे बजावले. संकलन केंद्रावर सांगितले, तर उत्तर मिळाले, ‘द्या मिसळून, मशीनवर फॅट आणि एसएनएफच (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) दिसतं.’ दूध आम्ही ओतून दिले. मात्र ज्याचे घर त्याच दुधाच्या पगारावर चालते त्याने ते ओतले नाही, तर त्याला नावे ठेवण्याचे धाडस मला होत नाही.

‘उकळले की सगळे मरते’ हा आपला मोठा दिलासा. तो निम्माच खरा आहे. जंतू मरतात, पण कासदाह करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जंतूने दुधात सोडलेले विष उकळूनही टिकते, आणि प्रतिजैविकांचे अंशही बहुतांशी तसेच राहतात. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या उपायाचे प्रतिजैविक दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली, ती औषधांना दाद न देणारे जंतू वाढू नयेत म्हणूनच. तेव्हा औषधाची वेळच येऊ न देणे हे खरे काम आहे, आणि ते महागही नाही. धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे असते. तेवढा वेळ जनावर शेणामुतात बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाकावी आणि सड जंतुनाशकात बुडवावेत. आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी.

जनावराचा गर्भ पाडणाऱ्या ब्रुसेलोसिस या जंतुजन्य आजाराची गोष्ट याहून गंभीर आहे. म्हैस गाभडली (गर्भ पडला) की पडलेले वासरू आणि वार (गर्भाची झिल्ली) आपण उघड्या हातांनी उचलतो, आणि पुढे महिनोन्‌महिने अंगात ताप मुरला, सांधे धरले, तरी त्याचा गोठ्याशी संबंध कोणी लावत नाही. कच्च्या दुधातूनही हा आजार माणसाला होतो. यावरची लस कालवडींना व वगारींना (गाई-म्हशींच्या मादी वासरांना) चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच टोचतात आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. मात्र ते वय उलटले की संधी गेलीच. आमच्या वस्तीवर शिबिर होऊन गेल्याचे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

सोलापूर जिल्ह्यातील बहुतेक गोठ्यांतून कोणी ना कोणी दिवसातून दोनदा संकलन केंद्रावर जातेच. लसीकरणाची तारीख तेथील फळ्यावर आठवडाभर आधी लिहावी, प्रतिजैविकांचे अंश दाखवणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या तेथे ठेवाव्यात, आणि उपचार चालू असल्याचे स्वतःहून सांगणाऱ्या उत्पादकाला त्या दिवसांच्या दुधाची थोडी तरी भरपाई द्यावी, अशी जिल्ह्यातील दूध संघांना व पशुसंवर्धन विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक पशुपालक
ता. मोहोळ, जि. सोलापूर