अ‍ॅक्रिलिकच्या गाळणटाकीतली पार्टिशन सिलिकॉनने चिकटवू नयेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या फिशटँकसाठी गाळणटाकी (फिशटँकच्या खाली ठेवलेली, पार्टिशनने कप्पे पाडलेली टाकी; वरचे पाणी तिच्यात उतरून गाळले जाते आणि पंपाने परत वर जाते) कशी बनवावी, याविषयीचा लेख वाचला. मासे पाळणाऱ्यांच्या उपयोगाचा विषय मराठी दैनिकाने सविस्तर घ्यावा, याचा मनापासून आनंद झाला. मात्र टाकी अ‍ॅक्रिलिकची असली तरी आतली पार्टिशन सिलिकॉनने चिकटवावीत, ही त्यातली सूचना चुकीची आहे. ती वाचून कोणी कामाला लागण्यापूर्वी खुलासा व्हावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काचेच्या टाकीला सिलिकॉन उत्तमच. सिलिकॉन आणि काच यांच्यात खरा रासायनिक बंध तयार होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठभागावर असा बंध तयार होत नाही. तिथे सिलिकॉन नुसते बसून राहते आणि कोपरा नखाने उचलला तर अखंड पट्टीसारखे निघून येते. त्यात अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा वीसेक पटींनी कमी ताठ असल्यामुळे टाकी भरली की लांब भिंती मधोमध बाहेर फुगतात. शिवाय तापमानाबरोबर ते काचेच्या साधारण आठपट प्रसरण पावते आणि थोडे पाणीही शोषून घेते. म्हणजे भिंत सतत किंचित हलत असते. पार्टिशन सिलिकॉनवर उभे असेल, तर भिंत फुगताना सांधा वरच्या बाजूने हळूहळू सुटत जातो. तेच पार्टिशन द्रावकाने, म्हणजे अ‍ॅक्रिलिक विरघळवणाऱ्या द्रवाने, एकजीव केले, तर ते दोन्ही भिंतींना आतून धरून ठेवते आणि टाकी उलट भक्कम होते. हौशी मंडळी पार्टिशनकडे फक्त पाणी अडवणारी फळी म्हणून पाहतात. अ‍ॅक्रिलिकच्या टाकीत ते घराच्या आढ्याला आधार देणाऱ्या तुळईचेही काम करते.

पार्टिशनवर भार किती येतो, हेही पाहावे. ३० सेंटिमीटर रुंदीच्या पार्टिशनच्या एका बाजूला ३० सेंटिमीटर उंच पाणी असेल आणि साफसफाईसाठी दुसरा कप्पा रिकामा केला, तर त्यावर सुमारे साडेतेरा किलो वजनाइतका रेटा येतो. नेहमीच्या वापरात दोन्हीकडे पाणी असल्याने तो बराच कमी असतो. म्हणूनच कमकुवत सांधा महिनोन्‌महिने टिकल्यासारखा वाटतो आणि नेमका धुण्याच्या दिवशी सुटतो. पार्टिशनच्या कडेने थोडे पाणी झिरपले तर काहीच बिघडत नाही, कारण ते टाकीतच राहते. पार्टिशन आडवे पडले, तर मात्र मागच्या कप्प्यातली पातळी एकदम उतरते, पाणी गाळणाऱ्या सिरॅमिक रिंग आणि स्पंज पंपाकडे ओढले जातात आणि त्यांवर राहणाऱ्या ज्या जिवाणूंच्या भरवशावर माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होत असतो, त्यांची वसाहतच विस्कळीत होते.

अ‍ॅक्रिलिकचा सांधा द्रावकानेच करावा. आपल्याकडे नेमप्लेट आणि ग्लो-साइन बोर्ड करणारे कारागीर त्यासाठी सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. ते इंजेक्शनच्या सुईने सांध्याच्या कडेने सोडले की फटीत आपोआप खेचले जाते, दोन्ही पृष्ठभाग विरघळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकजीव होतात. काही मिनिटांत पार्टिशन हलेनासे होते, पण पाणी भरण्याआधी किमान दोन दिवस तरी थांबावे. द्रावक पाण्यासारखे पातळ असल्याने ते मोठी फट भरून काढत नाही. टाकी घरी बनवलेली असेल, तर तिची आतली रुंदी तळाशी, मध्ये आणि वर अशी तिन्ही ठिकाणी मोजावी, कारण ती क्वचितच सारखी भरते. फट राहिलीच, तर अ‍ॅक्रिलिकचा चुरा त्याच द्रावकात विरघळवून केलेला घट्ट रस वापरता येतो, पण आधी माप नीट घेणे केव्हाही चांगले.

लेखात नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. बोर्डवाल्याकडून लेझरने कापून आणलेल्या तुकड्याची कड आरशासारखी चकचकीत असते आणि ती पाहून काम उत्तम झाल्यासारखे वाटते. पण लेझरच्या उष्णतेमुळे त्या कडेत ताण साठलेला असतो. द्रावक लागताच तिच्यात केसासारख्या बारीक चिरा उमटतात, उजेडाकडे धरले की त्या स्पष्ट दिसतात आणि सांधा पुढे तिथूनच तुटतो. म्हणून कड पॉलिशपेपरने घासून वरचा थर काढून टाकावा, किंवा तुकडा करवतीने कापून घेऊन कड सपाट करावी. पार्टिशनसाठी ३ मिलिमीटरचा पत्रा स्वस्त पडतो, पण तो पाण्याने वाकतो. निदान ६ मिलिमीटरचा घ्यावा, असे माझे मत आहे.

पावसाळ्यात हे काम, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, शक्यतो करूच नये. द्रावक उडताना सांधा थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि सांधा पांढुरका होऊन कच्चा राहतो. वापरातल्या टाकीत नव्याने पार्टिशन घालायचे असेल, तर पाणी शोषलेले अ‍ॅक्रिलिक आधी कित्येक दिवस कोरडे ठेवावे लागते. अशा जुन्या टाकीसाठी मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. भिंतींवर सेंटिमीटरभर रुंदीच्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्यांच्या जोड्या चिकटवून खाचा तयार कराव्यात आणि पार्टिशन त्यात वरून सरकवावे. चिकटण्याचे क्षेत्र मोठे मिळते, पार्टिशन धुण्यासाठी बाहेर काढता येते आणि पुढे उंची बदलावीशी वाटली तर टाकी तोडावी लागत नाही. अशी पार्टिशन भिंतींना मात्र धरून ठेवत नाहीत, त्यामुळे टाकीच्या वरच्या काठाला आडवी पट्टी लावणे आवश्यक ठरते.

पार्टिशनच्या उंचीचा हिशेब लेखात अजिबातच नाही आणि मला ती उणीव फार गंभीर वाटते. पंप चालू असताना वरच्या टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या (जास्तीचे पाणी खालच्या टाकीत सोडणाऱ्या तोंडाच्या) काठापेक्षा थोडे वर असते. वीज गेली की हे जास्तीचे पाणी खाली उतरते. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत ३ सेंटिमीटरचा फरक असेल, तर १६ लिटरपेक्षा जास्त पाणी खाली येणार. खालची टाकी ७५ बाय ३० सेंटिमीटरची असेल, तर तिची पातळी सव्वासात सेंटिमीटरने चढेल. पाइपातले पाणी त्यात मिळवले, तर सर्वांत उंच पार्टिशन टाकीच्या काठापासून किमान १० सेंटिमीटर खाली हवे. पंपाच्या कप्प्यात थोडी रिकामी जागा असते, पण ती हिशेबात धरू नये. बाष्पीभवनाने होणारी सगळी घट त्याच एका कप्प्यात दिसते, बाकीच्या कप्प्यांची पातळी पार्टिशनमुळे ठरलेलीच राहते आणि आपण त्यात पाणी ओतले की ती जागा संपते. पंपाचे पाणी वर नेणाऱ्या परतीच्या पाइपला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागालगत बारीक भोक पाडलेले नसेल, तर सायफन सुरू होऊन, म्हणजे पाणी त्याच पाइपातून आपोआप उलटे खाली ओढले जाऊन, पाइपाच्या तोंडापर्यंत पाणी उतरते आणि वरचा सगळाच हिशेब कोलमडतो. हे भोक शेवाळाने बुजते, तेव्हा ते अधूनमधून पाहावे. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावातल्या वाचकाला हा परिच्छेद सांध्याइतकाच महत्त्वाचा आहे.

बुडबुडे पंपापर्यंत जाऊ न देणाऱ्या दोन पार्टिशनमध्ये सरसकट एक इंच अंतर ठेवावे, असे लेखात सुचवले आहे. लहान पंपाला ते चालते. पण ताशी १,५०० लिटर पाणी ३० सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटरच्या फटीतून जाताना सेकंदाला साडेपाच सेंटिमीटर वेगाने खाली ओढले जाते आणि बारीक बुडबुड्यांना त्याविरुद्ध वर येता येत नाही. अंतर दुप्पट केले की वेग निम्मा होतो. तेव्हा हे अंतर पंप पाहून ठरवावे.

शेवटी सुरक्षिततेविषयी. क्लोरोफॉर्म अनेकदा लेबल नसलेल्या छोट्या बाटलीतून मिळते आणि ते हातात घेणाऱ्याला ते नेमके काय आहे, याची कल्पना नसते. त्याची वाफ गुंगी आणते, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा करते आणि हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचून राहते, जिथे लहान मुले आणि पाळीव प्राणी वावरतात. हे काम गच्चीत किंवा मोकळ्या पडवीत करावे, मुलांना दूर ठेवावे, बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि उरलेले द्रावक मोरीत ओतू नये. सांधे वाळल्यावर टाकी पाण्याने भरून काही दिवस ठेवावी, ते पाणी टाकून द्यावे आणि मगच ती माशांच्या पाण्याला जोडावी.

आपल्या पुरवणीवर विश्वास ठेवून या सुट्टीत अनेक घरांत, बहुधा शाळकरी मुलांच्या मदतीने, हे काम सुरू होईल. म्हणून येत्या रविवारीच सिलिकॉनविषयीची दुरुस्ती आणि द्रावकाविषयीचा इशारा त्याच पानावर, ठळक चौकटीत छापावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक मत्स्यप्रेमी वाचक, ठाणे