संगणकाच्या कोटेशनवर सुट्या भागांची पूर्ण नावे हवीत

सन्माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकमध्ये घरोघरी नव्या संगणकाचा विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला अभियांत्रिकीला जायचे असते, कोडिंग शिकायचे असते आणि खरे सांगायचे तर गेमही खेळायचे असतात. तेव्हा तेवढ्याच पैशांत लॅपटॉपपेक्षा अधिक ताकदीचा डेस्कटॉप जुळवून घ्यावा, हा हिशेब बरोबरच आहे. पालक दुकानातून कोटेशन आणतात आणि घोळ तेथेच सुरू होतो. मी अंबडच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम करतो आणि संगणकजोडणीची मला आवड आहे, त्यामुळे ओळखीचे लोक असे कागद दाखवायला आणतात. त्यांतल्या एका कागदावरून हे पत्र लिहीत आहे.

शहरातील एका दुकानाच्या त्या कोटेशनवर एवढेच होते: आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी (फायली साठवण्याचा भाग), ४ जीबी ग्राफिक कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), आरजीबी गेमिंग कॅबिनेट, एकूण रुपये २८,५००. वॅटचा आकडा सोडला तर यात एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती, आणि तरीही त्या संगणकावर आजचा कोणताही मोठा गेम धड चालला नसता.

पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक कार्डापासून सुरुवात करतो, कारण गेमिंगसाठीच्या संगणकात सर्वाधिक पैसे तेथेच जायला हवेत. ‘४ जीबी’ हा त्या कार्डावरील मेमरीचा आकडा झाला. कार्ड कोणते हे त्यावरून कळत नाही. चौकशी केल्यावर ते जीटी ७३० निघाले. ही चिप २०१४ सालची, तिच्यात जास्तीत जास्त ३८४ कोअर (प्रत्यक्ष गणिते करणारे घटक), आणि डीडीआर-३ या जुन्या प्रकारची मेमरी व ६४ बिटची रुंदी (एका वेळी किती माहिती जाते त्याचे माप) असलेल्या आवृत्तीत मेमरीचा वेग सेकंदाला जेमतेम १४ जीबी. २०१९ साली आलेल्या जीटीएक्स १६५० या कार्डावरही ४ जीबीच मेमरी आहे, पण कोअर ८९६ आहेत आणि मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे. कागदावर दोन्ही कार्डे ‘४ जीबी’च. बरे, जीटीएक्स १६५० सुद्धा आज नवे घ्यावे असे मी म्हणणार नाही, कारण अलीकडच्या अनेक गेमना ४ जीबी मेमरी अपुरी पडते. १०८० पिक्सेलच्या साध्या मॉनिटरवर समाधानाने खेळायचे असेल तर ८ जीबीचे आरएक्स ६६०० किंवा त्याच तोडीचे कार्ड हे माझ्या मते पहिल्या संगणकासाठी योग्य माप आहे, आणि मॉनिटर सोडून एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसे त्यावर गेले तरी बिघडत नाही.

नाव पूर्ण लिहिलेले असले तरी कधीकधी तेवढ्याने भागत नाही. आरटीएक्स ३०५० या नावाने २०२२ साली ८ जीबीचे कार्ड आले, त्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची मेमरी होती. २०२४ साली त्याच नावाने ६ जीबीचे कार्ड आले, त्यात कोअर २३०४ आणि मेमरी ९६ बिटची. हे दुसरे कार्ड ७० वॅटवर चालते, त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही, त्यामुळे ते टाकाऊ मुळीच नाही. मात्र ८ जीबीच्या कार्डाचे पैसे मोजून ते घरी आणू नये. जुन्या बाजारात हाच प्रकार आरएक्स ५८० या कार्डाबाबत होतो. मूळ कार्डात २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीच्या कार्डांतले कोअर) असतात, पण त्याच नावाखाली २०४८ स्ट्रीम प्रोसेसरचीही कार्डे फिरत असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते करून चलन मिळवणे) बंद पडल्यानंतर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे विक्रीला आली. जुने कार्ड घेऊच नये असे नाही, परंतु पंखे आणि तापमान पाहिल्याशिवाय आणि आपल्यासमोर अर्धा तास एखादा जड गेम चालवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रोसेसरचेही असेच आहे. ‘आय-७’ म्हटले की पालकांना दुसरे काही विचारावेसे वाटत नाही. त्या कागदावरचा आय-७ हा २०१२ सालचा ३७७० होता, चार कोअर आणि आठ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामे). आय-३ १२१००एफ हा २०२२ सालचा प्रोसेसरही चार कोअर आणि आठ थ्रेडचाच आहे, आणि तरीही वेगात तो त्या आय-७ ला पार मागे टाकतो, कारण मधल्या दहा वर्षांत एकेका कोअरची कार्यक्षमता फार वाढली. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या जवळजवळ सर्व प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. व्हॅलोरंटसारखा हलका गेमदेखील विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे २०१२ चा आय-७ घेणाऱ्याची विंडोज १० आणि ११ अशी दोन्हीकडून अडवणूक होते.

क्रमांकाच्या शेवटी असलेल्या अक्षराकडेही लक्ष द्यावे. इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक नसते, म्हणून वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी मध्ये ते असते, तर साध्या रायझेन ५ ५६०० मध्ये नसते. ज्यांची ऐपत आज खरोखरच बेताची आहे, त्यांनी फसव्या कार्डापेक्षा ५६००जी घ्यावा, त्यावर हलके गेम खेळावेत आणि कार्ड वर्षभराने घालावे, हा मला अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो. मात्र अशा जोडणीत ८ जीबीच्या दोन रॅम हव्यात. प्रोसेसरमधले ग्राफिक मुख्य मेमरीच वापरते, त्यामुळे १६ जीबीची एकच पट्टी लावली तर मेमरीची एक वाट रिकामी राहते आणि वेग चांगलाच घसरतो. ‘१६ जीबी रॅम’ एवढेच लिहिलेल्या कोटेशनवरून पट्ट्या एक की दोन हे कळायला मार्ग नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले आहेत, ते पाहता हा तपशील विचारून घेणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

आता एसएमपीएस, ज्याकडे कोणीच पाहत नाही. व्यवसायामुळे माझे लक्ष आधी तेथेच जाते. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळणाऱ्या त्या एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेले लेबल मी वाचले. वरती ठळक अक्षरांत ४५० वॅट, आणि खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, आणि १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट कोठून आले हे लेबल छापणाऱ्यालाच ठाऊक. आरएक्स ६६०० कार्ड एकटे १३२ वॅटपर्यंत घेते, त्यात ६५ वॅटचा प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी) आणि पंखे मिळवले की १९२ वॅट संपतात. मग गेम रंगात आला की संगणक आपोआप बंद पडतो, आणि दोष विंडोजला दिला जातो. एसएमपीएस अगदीच सुमार असेल तर तो जाताना मदरबोर्डही घेऊन जातो. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, आणि अशा संगणकाला ४५० ते ५५० वॅट पुरेसे होतात. ‘८० प्लस ब्राँझ’ हे चिन्ह किती वीज वाया जाते एवढेच सांगते, सुरक्षिततेची हमी देत नाही. तरीही ते असलेला आणि नामांकित कंपनीचा एसएमपीएस निवडणे हा सामान्य ग्राहकासाठी सोपा उपाय आहे. कार्डाला ८ पिनची जोडणी लागत असेल तर ती एसएमपीएसमधूनच आलेली असावी. जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीला कन्व्हर्टर जोडून काम भागवू देऊ नये, ती वायर त्या भाराची नसते.

येथेच यूपीएसचाही हिशेब करावा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. मॉनिटर धरून त्यावर गेम चालेल, पण वीज गेल्यावर संगणक नीट बंद करण्यापुरतीच सवड मिळेल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, म्हणून कॅबिनेट समोरून जाळीचे असावे. पुढे पूर्ण काच आणि आत नुसते लुकलुकणारे दिवे अशी कॅबिनेट उन्हाळ्यात भट्टी होतात.

एसएसडीबाबत एनव्हीएमई (वेगवान प्रकार) की साटा (त्याहून संथ) एवढे विचारावे आणि जमल्यास १ टीबीची घ्यावी, कारण एकेक मोठा गेम १०० जीबीहून अधिक जागा घेतो. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला लावावी, मदरबोर्डला नव्हे. कार्डासाठी एवढे पैसे मोजून ते वापरातच न आणणारी घरे मी पाहिली आहेत. विंडोजच्या अधिकृत परवान्याचा खर्चही आधीच धरावा.

काही मंडळी स्वस्त मिळते म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठतात आणि लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग घेऊन येतात. भावात फरक पडतो हे खरे. पण एखादा भाग बिघडला की पुन्हा तेवढाच प्रवास आला, त्यामुळे थोडे अधिक देऊन महात्मा गांधी रस्त्यावर किंवा कॅनडा कॉर्नरला ओळखीच्या दुकानातून घेण्यात मला गैर काही वाटत नाही. तेथे मात्र वॉरंटीची वस्तू नाशिकमध्येच बदलून मिळते की मुंबई-पुण्याला पाठवावी लागते, हे आधी विचारावे, आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. ‘बिलाशिवाय अठरा टक्के वाचतील’ हे ऐकायला गोड वाटते, पण प्रत्येक भागाचा मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक बिलावर नसेल तर वॉरंटीच्या वेळी हात हलवत परत यावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना शुल्क पडत नाही.

शहरातील बहुतेक विक्रेते प्रामाणिक आहेत आणि नेमके विचारले तर नेमके उत्तरही देतात, हा माझा अनुभव आहे. अडचण अशी की पहिल्यांदाच संगणक घेणाऱ्या पालकाला काय विचारायचे हेच माहीत नसते. म्हणून संगणक विक्रेत्यांच्या संघटनांना माझी विनंती आहे की त्यांनी सभासदांसाठी कोटेशनचा एक छापील नमुना तयार करावा आणि त्यात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, ग्राफिक कार्डाचे नाव व आवृत्ती, रॅमच्या पट्ट्यांची संख्या, एसएसडीचा प्रकार आणि एसएमपीएसचे १२ व्होल्टवरील अँपिअर असे पाच रकाने सक्तीचे ठेवावेत. दसरा-दिवाळीच्या पुरवण्यांत ‘गेमिंग पीसी’च्या पानभर जाहिराती येतात, त्या स्वीकारताना यांपैकी निदान पहिले दोन तपशील छापण्याचा आग्रह आपल्या दैनिकानेही जाहिरातदारांकडे धरावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक