आटे गेले म्हणजे ब्लॉक भंगार नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांची प्रश्नोत्तरं असतात, त्यात एका वाचकाने विचारलं होतं की इंजिनच्या ब्लॉकवर हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवताना एक बोल्ट नुसताच गरागरा फिरतोय, आवळतच नाही, काय करू. उत्तरात सांगितलं की ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर आटे, म्हणजे भोकातल्या बोल्ट पकडणाऱ्या खाचा, गेल्यावर ब्लॉक बदलायचा किंवा जुनं इंजिन आणून टाकायचं. वाचता वाचता हातातला चहा गार झाला माझा. मी कोल्हापुरात उद्यमनगरात 28 वर्षं मशीन शॉप चालवतोय, बोअर, स्लीव्ह, हेडचं फेसिंग म्हणजे तळ सपाट करणं, हीच कामं, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत असले आटे गेलेले ब्लॉक किती दुरुस्त करून दिले याचा हिशोबच ठेवला नाही. म्हणून म्हणलं एकदा लिहूनच टाकावं.

ॲम्बेसेडरच्या काळात ब्लॉक बिडाचा असायचा, बिडात आटा सहसा जात नाही, जास्त आवळलं तर बोल्टच तुटतो. मग एस्टीम आली, पुढे के सिरीजवाल्या मारुती आल्या, ब्लॉक ॲल्युमिनियमचे झाले, हलके झाले, सगळं चांगलं झालं, पण आवळायचा हात मात्र आपल्याकडे बिडाचाच राहिला. 10 मिलीचा 10.9 ग्रेडचा एक बोल्ट साडेचार-पाच टनापर्यंत ओढ घेऊ शकतो, आणि ती सगळी ओढ बोटाच्या पेराएवढ्या ॲल्युमिनियमच्या आट्यांवर येते. त्यात ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. 100 मिली उंचीचं हेड 70 डिग्रीने तापलं तर बोल्टपेक्षा साधारण 0.08 मिली जास्त वाढणार, म्हणजे इंजिन गरम झालं की बोल्ट आपोआप अजून ताणला जातो आणि आट्यांवर लोड वाढतो. रोजच्या तापमानाला हे सगळं धरूनच डिझाईन केलेलं असतं, पण रेडिएटर फुटलेला असताना पुढचा पंप येऊ दे म्हणून दहा किलोमीटर गाडी दामटली की ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि आटे तिथेच अर्धे मेलेले असतात. नंतर हेड खोलून परत बसवताना फक्त कळतं, आणि शिव्या बसतात बसवणाऱ्या मेकॅनिकला.

अर्थात मेकॅनिकही काही कमी नाहीत. टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरलेल्या जोरालाच आवळायच्या पान्यावर, आपण जो जोर लावतो त्यातला जवळपास 90 टक्के नुसत्या घर्षणात जातो, बोल्टाच्या डोक्याखाली आणि आट्यात, खरी ओढ उरलेल्या 10 टक्क्यातून येते. म्हणजे भोकात कार्बन, गंज, कुलंटची पांढरी पूड असेल तर रेंच कट्ट वाजतो पण बोल्ट ढिलाच असतो. उलट भोकात तेल साचलेलं असेल आणि भोक खालून बंद असेल तर बोल्ट पिचकारीसारखा दाब देतो आणि ब्लॉकला चीर जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि बऱ्याच गाड्यांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आधी ठराविक टॉर्क आणि मग 90 डिग्री असं कोनाने आवळायचे असतात, तिथे आमची पोरं इम्पॅक्ट गन लावतात की हो!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजचे एक गृहस्थ, सेकंड हँड टोयोटा कॅमरी, 2.4 लिटरवाली. आंबोली घाट चढताना गरम झाली, हेड आणि ब्लॉकमधली गॅसकेट उडाली. एका गॅरेजने हेड खोललं, फेसिंग करून बसवायला घेतलं तर मागच्या बाजूचा बोल्ट फिरायला लागला. बाहेर काढला तर बोल्टाला ॲल्युमिनियमची स्प्रिंग गुंडाळून आलेली, म्हणजे आख्खे आटेच सोलून आले. गॅरेजवाल्याने सांगितलं ब्लॉक गेला, कुर्ल्याहून जुनं इंजिन आणतो, 1 लाख 10 हजार द्या. आता गंमत अशी आहे की या 2एझेड-एफई इंजिनाचं हे दुखणं अमेरिकेत सगळ्यांना पाठ आहे, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, बाजूचे तीन बोल्ट जातात, आणि नंतरच्या इंजिनात कंपनीने ब्लॉकमधले आटे लांब केले. तिकडे लोक इंजिन न उतरवता गाडीतच इन्सर्ट, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचे नवे आटे, मारतात. आणि कुर्ल्याहून आणलेलं जुनं इंजिन त्याच सालचं असलं तर त्याचे आटे काय अमरपट्टा घेऊन आलेले असतात का?

त्या गृहस्थांनी गाडी टो करून माझ्याकडे आणली. इंजिन उतरवून ब्लॉक मोकळा केला, तर मागच्या तिन्ही भोकांचे आटे गेलेले. इन्सर्टचा एक प्रकार हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग, तार कापून बघितली तर पत्त्यातल्या चौकटसारखी, आतून बोल्टाचे आटे आणि बाहेरून ब्लॉकमध्ये रुतणारे आटे. दुसरा प्रकार भरीव बुशचा, टाइमसर्ट म्हणतात, त्याला वर छोटी कॉलर असते आणि तळाचे शेवटचे आटे मुद्दाम अर्धवट ठेवलेले असतात, ड्रायव्हर आतून फिरवला की ते फुगून ब्लॉकमध्ये घट्ट बसतात. हेलिकॉइल वाईट नाही, पण हेड बोल्टला माझा कौल बुशलाच, परत बोल्ट काढताना बोल्टाबरोबर स्प्रिंग वर यायची भानगड नाही.

खरं काम इन्सर्टचं नसतंच, खरं काम भोक सरळ मारण्याचं असतं. हाताने ड्रिल धरून मारलं की भोक एक-दोन डिग्री कलतं, मग बोल्ट हेडच्या भोकाला घासून बसतो आणि टॉर्क परत खोटा. माझ्याकडे मॅग्नेटवालं ड्रिल मशीन आहे पण ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटतोय होय? म्हणून 20 मिलीची लोखंडी प्लेट फेस करून घेतली, तिच्यात कडक केलेला गाईड बुश बसवला आणि प्लेट ब्लॉकवर बोल्टने आवळली. सिलिंडरच्या बोअरमध्ये ग्रीस लावलेली फडकी कोंबली, ॲल्युमिनियमचा कीस आत गेला तर पिस्टन खाणार. टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, रॉकेल, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे, मधेमधे टॅप बाहेर काढून हवा मारायची, डोळ्यांवर चष्मा. घाई केली की ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं आणि नवे आटेही फाटतात. तीनच गेले होते तरी मी दहाच्या दहा भोकांना बुश मारले, कारण जे तापले ते सगळेच तापले होते, राहिलेल्या सातांवर कशाला विश्वास ठेवायचा. इन्सर्टचा किट बाहेरून मागवला, नवे बोल्ट, गॅसकेट, परत फेसिंग सगळं धरून बिल 38 हजार झालं. गाडी अजून पळतीय, मागच्या महिन्यात तेल बदलायला आले होते.

काहींना वाटतं हा जुगाड आहे. अहो, विमानाच्या पिस्टन इंजिनात स्पार्क प्लगच्या भोकाला हेलिकॉइल कंपनीतूनच घालून येते! इन्सर्टचा बाहेरचा आटा मोठा असतो त्यामुळे ब्लॉकमधलं ॲल्युमिनियम जास्त जागेवर पकडतं, नीट मारला तर मूळच्या आट्यापेक्षा मजबूतच. जुगाड म्हणजे काय ते मला विचारा, दोन ट्यूबवाला गोंद भरून त्यात टॅप मारलेला, बोल्टाला पत्र्याची पट्टी गुंडाळलेली, वेल्डिंगने भोक भरून आजूबाजूचा ब्लॉकच वाकडा केलेला. एकाने तर 10 मिलीच्या हेलिकॉइलला साधा 12 बाय 1.75 चा टॅप मारून आणला होता, बाहेरून माप जवळपास तेच वाटतं म्हणून, पण दीड पिचच्या, म्हणजे दोन आट्यांत दीड मिली अंतर असलेल्या, हेलिकॉइलला तिचा स्वतःचाच टॅप लागतो आणि ड्रिल साधारण 10.4 चं. पिचच जुळत नाही तर स्प्रिंग बसणार कुठे?

ब्लॉक खरंच भंगारात कधी जातो तेही सांगतो. भोकापासून पाण्याच्या जॅकेटपर्यंत चीर गेली असेल, किंवा कुणी आधीच वाकडं मोठं भोक मारून भिंत पातळ केली असेल, तर मीही हात जोडतो. पण हे डाय, म्हणजे चीर दाखवणारा रंग, टाकून, नीट बघून ठरवायचं असतं, फोनवर नाही. गॅरेजवाला ब्लॉक गेला म्हणाला तर त्याला निघालेला बोल्ट आणि ते भोक दाखवायला सांगा, मशीन शॉपमध्ये एकदा विचारा, मग पैसे द्या. आणि आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मास्तरांना माझी विनंती आहे, भंगारातला एक ॲल्युमिनियम ब्लॉक आणा आणि पोरांकडून मुद्दाम आटे घालवून घ्या, किती जोराला जातात ते एकदा हाताला कळू दे, मग तेच भोक दुरुस्त करायला लावा. माझ्याकडे येणारी पोरं मायक्रोमीटर छान वाचतात पण बोल्ट किती डिग्री फिरला ते दाखवणारा अँगल गेज बघून म्हणतात काका हे काय.

तर संपादक साहेब, तेवढं ते उत्तर पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा, कोणीतरी बिचारा कुर्ल्याची बस धरायचा.

आपला,
एक मशीन शॉपवाला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

ता.क. हेलिकॉइल बसवल्यावर तळाशी तिची छोटी शेपटी असते ती तोडायची असते, आणि तोडलेला तुकडा भोकातून बाहेर काढायचा असतो. हा तुकडा विसरून बोल्ट टेकलेली दोन इंजिनं माझ्याकडे येऊन गेलीत.